पगाराच्या पाकिटामागचा इतिहास

मागच्या अंकात माझी मुलाखत छापून आली. मजुरी, कामाचे तास, कामगार कायदे आणि दुष्काळी कामांपासून रोजगार हमीपर्यंतच्या योजना यांचा आर्थिक इतिहास मी पुण्यात अभ्यासला आणि शिकवला, त्याविषयी ती होती. निवृत्तीनंतरही हा विषय माझ्यापासून सुटलेला नाही. मुलाखतीवर बरीच पत्रे आली. त्यातल्या काहींना इथे उत्तरे देते. वाचकांची नावे त्यांच्याच सांगण्यावरून गाळली आहेत.

बाई, मी एम. ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आर्थिक इतिहासात पीएच.डी. करावी असे मनात आहे, पण घरचे विचारतात, त्याने पोट भरेल का? तुम्ही या विषयाकडे कशा वळलात?
(विद्यार्थिनी, नारायणगाव)

घरच्यांची काळजी रास्त आहे, म्हणून आधी तिच्याविषयी. फक्त आर्थिक इतिहासाची अशी जागा फार थोड्या विद्यापीठांत निघते. नोकरी लागेल ती अर्थशास्त्राच्या विभागात. त्यासाठी नेट-सेट ही पात्रता परीक्षा हवीच, आणि प्राध्यापकभरती कशी रखडते हे तू पाहतेच आहेस. तासिका तत्त्वावर शिकवत पस्तिशी ओलांडलेले माझे विद्यार्थी आहेत, त्यांच्या आठवणीने मला अजून वाईट वाटते. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पीएच.डी.ची वर्षे कोणापुढे हात न पसरता निघतात. संख्याशास्त्र पक्के कर, पाहणीची प्रश्नावली बनवायला शीक. विद्यापीठात जागा मिळाली नाही तरी पाहण्या करणाऱ्या संस्थांत त्या कामाला मागणी असते. एवढे सगळे ठाऊक असूनही तुला हाच विषय हवा असेल तर जरूर ये. या विषयाला माणसे हवी आहेत.

आता माझे. माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत टर्नर होते. तो कारखाना १८६९ सालचा. पिंपरी-चिंचवडला कारखान्यांची रांग लागण्याच्या कितीतरी आधीपासून खडकीत माणसे भोंग्यावर कामाला जात होती. पगाराचे पाकीट वडील न फोडता आईच्या हातात देत. आई चौथी शिकलेली, पण तिची हिशेबाची वही असे. वाणी, रॉकेल, दूध, खोलीभाडे, भिशी, गावी आजीला मनीऑर्डर आणि शेवटी ‘इतर’. महिनाअखेरीला ती बेरीज करी. बेरीज पाकिटाच्या वर गेली की पुढच्या महिन्यातले एखादे कलम खोडी, आणि ते बहुतेक वेळा तिच्या स्वतःच्या गरजेचे असे.

एम. ए.ला असताना गोखले संस्थेच्या ग्रंथालयात मुंबईच्या लेबर ऑफिसचा १९२३ साली छापलेला एक अहवाल माझ्या हाती आला. पहिल्या महायुद्धात भाव भडकले, १९१९ आणि १९२० मध्ये गिरण्यांत मोठे संप झाले, तेव्हा कामगार खातो काय आणि त्याचा पैसा जातो कुठे हे मोजून घेण्याची सरकारला निकड वाटली. म्हणून १९२१ साली हे ऑफिस निघाले. फिंडले शिरास त्याचे प्रमुख होते. त्यांच्या माणसांनी चाळींत जाऊन कुटुंबांचे खर्च लिहून घेतले. तक्त्यातली कलमे वाचत गेले तर ती आईच्या वहीतलीच. आणि त्यात एक निष्कर्ष असा होता: मुंबईचा कामगार जितके धान्य खातो, तेवढे दुष्काळी संहितेत, म्हणजे दुष्काळातल्या मदतीच्या सरकारी नियमांत, मजुराला जास्तीत जास्त मंजूर आहे, मात्र तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढे ठरवून दिले आहे, त्याहून ते कमी आहे. सरकारच्याच अधिकाऱ्याने सरकारच्याच छापखान्यात हे छापले होते. ज्यांच्या कष्टावर ते शहर उभे राहिले, त्यांच्या ताटाची तुलना कैद्याच्या ताटाशी, आणि तीतही ते कमी! माझा विषय त्या पानावर ठरला.

पुढे जे काम केले त्याचे सार इतकेच सांगता येईल की कामगारांसाठी झालेल्या कुठल्याही कायद्याच्या मागे गेले की दोन गोष्टी हाती लागतात. कोणीतरी तो मागितलेला असतो आणि कोणीतरी चिकाटीने मोजदाद केलेली असते. साप्ताहिक सुट्टीचे उदाहरण घे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, हजारो कामगारांच्या सह्यांनिशी अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कायद्यात आठवड्याची सुट्टी त्यानंतर, १८९१ साली आली. लोखंडे चालवत ते ‘दीनबंधु’ पत्र मूळचे पुण्याचे. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ मध्ये इथे सुरू केले होते. असे मराठी कागद वाचायला तू हवीस. इंग्रजी अहवाल जगातला कोणीही अभ्यासक वाचेल. मोडी, जुनी मराठी वृत्तपत्रे, गावचे दप्तर वाचून त्याचा अर्थ लावणारी माणसे कमी होत चालली आहेत. मोडीचे वर्ग पुण्यात भरतात. या सुट्टीतच नाव घाल.

१९७४ साली माझा पगार ३५० रुपये होता आणि त्यात पाच माणसांचे घर चाले. आज मुलाला ६० हजार मिळतात तरी महिनाअखेरीला ओढाताण. सोन्याच्या भावाने मोजले तर माझाच पगार जास्त होता! आमचा काळ खरोखर स्वस्ताईचा होता का?
(निवृत्त कामगार, चिंचवड)

साहेब, १९७४ हे वर्ष स्वस्ताईचे तर नव्हतेच. १९७३-७४ आणि १९७४-७५ या दोन वर्षांत घाऊक भाव दरसाल वीस टक्क्यांहून अधिक वाढले. १९७२च्या दुष्काळाने धान्य आधीच महागले होते, त्यात तेलाचे जागतिक संकट आले. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. मुंबईत बायकांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले ते याच सुमाराचे. तुमच्या सौभाग्यवतींना विचारा, रॉकेल आणि गोडेतेलाच्या रांगा त्यांना नक्की आठवत असतील.

सोन्याने पगार मोजू नका. कामगाराच्या घरात सोने यायचे ते लग्नकार्यात आणि जायचे ते अडचणीत. रोज यायची ती ज्वारी, डाळ, तेल, चहा-साखर. आम्ही पगार मोजतो तो या टोपलीने: त्या पगारात ठरावीक सामानाच्या किती टोपल्या भरल्या असत्या? आणि टोपली स्वतःही बदलते, हे जास्त महत्त्वाचे. १९२१-२२ च्या त्या मुंबईच्या पाहणीत कुटुंबाच्या खर्चातला निम्म्याहून बराच अधिक भाग अन्नावर जात होता, घरभाड्यावर आठ टक्क्यांच्या आत. आज औद्योगिक कामगारांसाठी जो ग्राहक किंमत निर्देशांक काढतात, २०१६ या पायाभूत वर्षाचा, त्यात अन्नाचा वाटा सुमारे ३९ टक्के आणि घराचा जवळजवळ १७ टक्के धरला आहे. तुमच्या चिरंजीवांची ओढाताण इथे आहे. पोळीभाजीला त्यांना तुमच्यापेक्षा कमी झगडावे लागते. फ्लॅटचा हप्ता, शाळेची फी, दवाखाना आणि पेट्रोल यांनी पगार खाल्ला आहे.

आणखी एक. तुमच्या ३५० रुपयांत न छापलेला पगार होता. भविष्यनिर्वाह निधी होता (कायदा १९५२चा), ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, दवाखाना होता (१९४८), ग्रॅच्युइटीचा कायदा नुकताच, १९७२ मध्ये झाला होता. महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर वर जात होता. बोनस मालकाच्या मर्जीवर राहिला नव्हता. हा शेवटचा हक्क किती झगडून आला ते सांगते. १९२४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनससाठी संप केला, तेव्हा नेमलेल्या समितीने निर्वाळा दिला की बोनसवर कामगारांचा कायद्याने कसलाही हक्क नाही. तो हक्क कायद्यात आला १९६५ मध्ये. मुलगा कायम आहे की कंत्राटावर, हे तुम्ही लिहिलेले नाही. कंत्राटावर असेल तर दोघांच्या पगाराची तुलना करताना आधी त्याच्या ६० हजारांतून या सगळ्याची किंमत वजा करून पाहा.

आम्ही पिंपळे सौदागरला राहतो. आमच्या सोसायटीच्या जागी पूर्वी शेती होती एवढेच ठाऊक आहे. या भागाचा कोणी अभ्यास केला आहे का?
(गृहिणी, पिंपळे सौदागर)

केला आहे, आणि तो जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे! पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हेरॉल्ड मान यांनी तुमच्या गावाची घरोघर आणि शेतोशेत पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. भारतातल्या खेड्यांच्या शास्त्रशुद्ध आर्थिक पाहण्यांत ती अगदी सुरुवातीची. त्यांनी जुनी दप्तरे काढून दाखवले की गावातले जमिनीचे सरासरी खाते १७७१ साली ४० एकरांचे होते, ते १९१५ पर्यंत ७ एकरांवर आले. तेही एका ठिकाणी नाही, तुकड्या-तुकड्यांत. बहुसंख्य घरे केवळ शेतीवर जगू शकत नव्हती. खडकी-पुण्याला जाऊन मिळवलेल्या मजुरीची जोड लागे, आणि तरी कर्ज सुटत नसे. त्या काळी साहेब लोक शेतकऱ्याच्या कर्जाचे खापर लग्नातल्या उधळपट्टीवर फोडत. मान यांनी जमीन, पीक आणि कर्ज मोजून पुढे ठेवले. पुढे त्यांनी ना. वि. कानिटकरांबरोबर जातेगाव बुद्रुकचीही अशीच पाहणी केली, ती १९२१ची. तुमच्या सोसायटीत वाचनालय असेल तर या पाहणीची एक प्रत तिथे असावी असे मला मनापासून वाटते.

मी नियमित कर भरणारा माणूस आहे. सरकारी मदतीने लोक आळशी होतात, हे इतिहासाच्या अभ्यासक म्हणून तुम्ही मान्य कराल की नाही?
(सदाशिव पेठ)

मान्य करत नाही. पण तुमच्या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, म्हणून उत्तर सविस्तर देते.

१८७६-७८ च्या दुष्काळात हाच प्रश्न राज्यकर्त्यांनी विचारला होता. मदतीची कामे काढली तर लोक तिथेच रमतील, शेतावर परतणार नाहीत, खजिना रिता होईल. व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना काटकसर करायला पाठवले. त्यांनी दुष्काळी कामावरच्या गड्याचे धान्य दिवसाला दीड पौंडांवरून एक पौंडावर आणायला लावले. वर थोडे पैसे. एवढ्यावर माणसाने दिवसभर खडी फोडायची आणि माती वाहायची. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी ही उपासमार आहे म्हणून आक्षेप घेतला. आपल्या मुंबई इलाख्यात कपात लागू झाली तेव्हा दख्खनमधल्या हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जागोजागी माहिती गोळा केली आणि सरकारला पत्रांमागून पत्रे पाठवली. सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना पुणेकर सार्वजनिक काका म्हणत, या खटपटीत पुढे होते. आळसाची भीती बाळगून आखलेल्या त्या धोरणाच्या काळात दक्षिणेत लाखो माणसे मेली. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळी संहिता झाल्या आणि संकटात काम देणे ही सरकारची जबाबदारी कागदावर आली.

आता आपल्या राज्यातले पाहा. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला. १९७२च्या दुष्काळात कामांवरच्या माणसांची संख्या मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या आसपास गेली. त्या वयाच्या वाचकांना मिलोची ज्वारी आणि सुकडी आठवेल. भूकबळींच्या राशी पडल्या नाहीत, याला ती कामे कारण झाली. त्याच सुमारास, १९७१ साली, पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी देशातल्या दारिद्र्याची मोजदाद मांडली आणि उपाय म्हणून सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा असे सुचवले. १९७७ मध्ये राज्याने रोजगार हमीचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा त्याने हक्क झाला. अर्ज केल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता.

या कामाची मजुरी मोजमापावर मिळते. जेवढी माती उपसाल तेवढे पैसे. एप्रिलच्या उन्हात पाझर तलावावर पाटी उचलणारी बाई आळशी आहे असे म्हणायला मी तरी धजणार नाही, आणि कामावर निम्म्याच्या आसपास बायकाच असत. खोट्या हजेऱ्या लागल्या, मुकादमांनी आणि पुढाऱ्यांनी पैसे खाल्ले, कामे अर्धवट राहिली, हे सगळे झाले आणि ते मी लिहिलेलेही आहे. तो दोष हजेरीपट भरणाऱ्यांचा.

तुम्ही कर भरता म्हणालात म्हणून सांगते. पगारपत्रकात व्यवसाय कर म्हणून महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० कापले जातात ना? तो कर १९७५ साली लावला गेला तो मुख्यतः रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, असे दोन्ही सभागृहांत सगळ्या पक्षांनी मिळून ठरवले. तुम्ही त्या मजुरीचे भागीदार आहात. मला याचा अभिमान वाटतो, तुम्हालाही वाटावा.

थेट खात्यात पैसे टाकण्याच्या अलीकडच्या योजनांबद्दल आणखी दोघांनी विचारले आहे. त्या कामाशी जोडलेल्या नाहीत आणि विम्यासारख्याही नाहीत. सरकार बदलले की त्या टिकतील का, हे कायद्यातल्या हक्काने ठरते की निवडणुकीने, एवढे मी पाहीन. आजवरचा अनुभव असा की कायद्यात उतरलेले टिकते.

माझा मुलगा मोटारसायकलवरून जेवणाची पार्सले पोचवतो. दिवसाचे बारा तास रस्त्यावर. अपघात झाला, पाय मोडला, तर कंपनी म्हणाली तू आमचा नोकर नाहीस. मग तो कोणाचा नोकर?
(आई, हडपसर)

ताई, आधी सांगा, मुलाचा पाय आता कसा आहे? कागदपत्रे काय आहेत ते मला वेगळे कळवा. ओळखीच्या कामगार वकिलांशी गाठ घालून देईन.

तुमच्या प्रश्नासारखाच प्रश्न इथे यापूर्वीही आला होता, आणि महाराष्ट्राने त्याला उत्तर काढले होते. गिरण्यांच्या दारात पहाटे बदली कामगार उभे असत. कोणी खाडा केला तर त्याच्या जागी आत जायला मिळे, नाहीतर घरी परत. आत कोणाला घ्यायचे ते जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, ठरवी आणि त्यासाठी पैसे खाई. १९३५ मध्ये बदलीवाल्यांना कार्डे देऊन नोंद ठेवायची पद्धत मुंबईच्या गिरण्यांत आली, तेव्हा कुठे त्यांना काही क्रम आणि ओळख मिळाली.

बाजारातल्या हमालांची गोष्ट तुमच्या मुलाच्या अजून जवळची आहे. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्याची. प्रत्येक जण म्हणणार, हा माझा नोकर नाही. पुण्यात बाबा आढावांनी १९५०च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणले. १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती मला आजही थक्क करते. मालक एक नाही ना? मग मालकांचे आणि कामगारांचे मिळून एक मंडळ करा, त्यात सरकारही बसेल. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याची नोंदही मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि वर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पगार, औषधपाणी. मालक बदलले तरी हमालाचे खाते एकच राहते. अंमलबजावणीत आज बरेच बिघडले आहे, बोगस टोळ्या शिरल्या आहेत. तरीही रोज वेगळा मालक असणाऱ्या माणसाला म्हातारपणी पैसे मिळू शकतात, हे त्या कायद्याने करून दाखवले.

पुण्यातच कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत काढली. महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांवर शिक्कामोर्तब केले. पुढे २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. त्यांनाही पूर्वी कोणी कामगार मानत नव्हते.

तुमच्या मुलासारख्यांचा उल्लेख २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्यासाठीच्या निधीत द्यावी अशी तरतूद आहे. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला, त्याची घडण माथाडी मंडळाशी जवळची आहे: नोंदणी, मंडळ आणि व्यवहारावर उपकर. आमच्या राज्यात ही कल्पना जन्मली आणि तिचा उपयोग दुसऱ्याने आधी केला, याची मला खंत आहे. मुलाला सांगा, ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदव. रोजच्या फेऱ्या आणि मिळालेले पैसे दाखवणाऱ्या पडद्याचे फोटो काढून ठेव. काम बंद झाले की ॲपमधले खातेही बंद होते, आणि मग त्याने काम केले होते याचा पुरावा त्याच्या हाती उरत नाही.

माझी आजी मुंबईच्या गिरणीत रीळ खात्यात होती. आईच्या पिढीत आमच्या नात्यातली एकही बाई गिरणीत नव्हती. बायकांसाठी केलेल्या कायद्यांमुळेच त्यांची कामे गेली म्हणतात. खरे का?
(शिक्षिका, कोथरूड)

अर्धे खरे. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. पुढच्या काही दशकांत हे प्रमाण घसरतच गेले. मालक म्हणत, बायकांना रात्रपाळी देता येत नाही, वर बाळंतपणाचे पैसे द्यायचे, परवडत नाही. बाळंतपणाच्या भत्त्याचा मुंबई इलाख्याचा कायदा १९२९चा, देशातला पहिला. तो विधिमंडळात चर्चेला आला तेव्हा, १९२८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

पण बायका होत्या कुठे ते पाहा. रीळ आणि वाइंडिंग खात्यांत. त्याच काळात नवी यंत्रे आली आणि कमी माणसांत काम उरकण्याची मोहीम मालकांनी काढली. तिचा घाव या खात्यांवर जोरात बसला. कायदा नसता तरी तुमच्या आजींच्या खात्यातल्या पुष्कळ जागा गेल्याच असत्या.

कायद्यातली उणीव मला दिसते ती वेगळी. १९२९च्या कायद्याने सगळा खर्च त्या एका मालकावर टाकला. मग बाईला कामावरच न घेणे त्याला स्वस्त पडते. १९४८च्या ईएसआय कायद्याने तो खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून भागवला, हे शहाणपणाचे होते. २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, त्याचे मी मनापासून स्वागत केले. पण ईएसआयबाहेरच्या नोकऱ्यांत पुन्हा भार एकट्या मालकावर. माझ्या विद्यार्थिनींना मुलाखतीत लग्नाविषयी का विचारतात, याचे एक कारण इथे आहे. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अमेरिकेतल्या बायकांच्या कामाची दोनशे वर्षांची मोजदाद करून. आपल्याकडे असे काम करायला गिरण्यांची खातेवार हजेरीपुस्तके लागतील, आणि गिरण्या पाडताना त्यातली किती रद्दीत गेली ते कोणी मोजलेले नाही.

आजी हयात असतील तर त्यांना विचारा: नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम, कोण होती, आणि तिला काय द्यावे लागे?

आई गेली. ती घरी विड्या वळायची. कपाटात तिचे विडी कामगाराचे ओळखपत्र आणि नोंदींच्या वह्या सापडल्या. रद्दीत द्याव्यात का?
(भवानी पेठ)

कृपा करून देऊ नका.

विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला आणि १९७६ मध्ये कल्याण निधी. त्यांची अंमलबजावणी प्रत्यक्षात कशी झाली ते सरकारी अहवालांत जेवढे कळते, त्याहून जास्त अशा वह्यांत कळते. वहीत बहुधा अशी नोंद असेल: पाने आणि तंबाखू किती दिली, विड्या किती घेतल्या, छाट म्हणून, म्हणजे खराब ठरवून, किती बाजूला काढल्या, हजारी दर (हजार विड्यांची मजुरी) काय. हे चार आकडे शेजारी ठेवले की पुष्कळ काही उलगडते. दिलेल्या पानांत ठरलेल्या विड्या बसत नसतील तर कमी पडलेली पाने आईंनी पदरचे पैसे घालून आणली असणार. ती त्यांच्या मजुरीतून झालेली कपात, जी कुठल्याही पावतीवर नाही. छाटही तशीच. छाट म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नसत, आणि त्या विड्या परतही मिळत नसतील तर त्या कोणाच्या फायद्याला गेल्या, हे विचारता येते.

वह्या लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. टाचण्या आणि स्टेपल हलक्या हाताने काढा, त्यांच्या गंजाने कागद खातो. कोरड्या सुती कापडात गुंडाळून भिंतीपासून लांब ठेवा. दिवसाच्या उजेडात फोनने प्रत्येक पानाचे फोटो घ्या, कोरी पानेही सोडू नका. मूळ वह्या घरातच ठेवल्यात तरी चालेल, फोटोंची एक प्रत एखाद्या ग्रंथालयाला द्या.

हे सगळे तुमच्या भावंडांना, मावश्यांना आठवते तोवर त्यांच्याकडून काही लिहून घ्या. पाने कोण भिजवायचे, कातरायचे कोण, शाळेतून आल्यावर मुली किती वळायच्या, माल कारखान्यात कोण पोचवायचे. वहीत एकट्या आईंचे नाव असेल, वळणारे हात मात्र घरभर असतील. एखादा आठवडा कोरा दिसला तर तेव्हा आजारपण होते, की कारखान्यातून पानेच आली नव्हती, तेही विचारून शेजारी पेन्सिलीने लिहा. खाली सांगणाऱ्याचे नाव आणि आजची तारीख घाला. पेन वापरू नका.

हजारी दर ज्या-ज्या पानावर बदललेला दिसतो, तेवढ्या पानांचे फोटो आधी माझ्याकडे पाठवा. सोबत वही कोणत्या वर्षी सुरू होते ते कळवा.